हळदीचा मान आणि हळदीचं काम



गेल्या पंधरा दिवसांत हळदीबद्दलचा एकच मजकूर मला सात जणांनी पाठवला. दोन भाचे, एक विहीणबाई, शाळेतल्या तीन जुन्या मैत्रिणी आणि एक माजी विद्यार्थी. मजकूर असा की, हळदीतला रेणू उजेड पडला की जंतू मारतो, पाण्यातले धातू ओळखतो, परदेशातल्या शास्त्रज्ञांनी आता हे मान्य केलं आहे, आपल्या पूर्वजांना ते आधीपासून ठाऊक होतं, आणि म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी हळद घेतली की कुठलंही औषध लागणार नाही. सातही जणांना वेगवेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं.

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. केलं आणि तीसेक वर्षं मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमचा मुलूख सांगलीचा. हळदीचे सौदे, हरिपूरची जमिनीखालची पेवं, पोत्यांचा तो वास, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. तेव्हा हळदीवर चार शब्द बोलायचा थोडाफार हक्क आहे असं मी धरून चालते. शिवाय धाकटी नात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिचं डोकं खाऊन, तिच्याकडून समजून घेऊन मगच हे लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. त्या मजकुराचा पहिला अर्धा भाग खरा आहे. उजेडाचं आणि धातूंचं जे लिहिलं आहे ते थापा नव्हेत. पण तो भाग नीट समजून घेतला, तर त्याच्याच आधाराने दुसरा अर्धा भाग, म्हणजे 'हळद खा, औषध सोडा' हा, खोटा ठरतो. आणि या खोट्यापायी माणसांचं नुकसान होतं. ते मी घरातच पाहिलं आहे. त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी खरं काय ते बघू.

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या मुख्य द्रव्याचं नाव कुर्कुमिन. फोगेल आणि पेलतिए या दोघांनी १८१५ साली ते हळदीतून वेगळं काढलं. त्याचा रेणू नेमका कसा जोडलेला असतो हे कळायला मात्र १९१० साल उजाडावं लागलं. ते काम पोलंडच्या रसायनशास्त्रज्ञांचं. शंभर ग्रॅम हळदीत कुर्कुमिन आणि त्याची भावंडं मिळून साधारण दोन ते पाच ग्रॅम. बाकी सगळं पीठ, तंतू, तेल.

हे कुर्कुमिन उजेडाला प्रतिसाद देतं हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, फक्त त्या शब्दांत नाही. हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण कपडा ओला करून उन्हात टाकला की दुपारपर्यंत फिका पडतो. लग्नातल्या हळदीचे कपडे आपण असेच काढतो. इथे ऊन नुसतं कपडा वाळवत नाही, ते रेणू मोडतं.

नातीने मला हे असं समजावलं. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. कुर्कुमिन त्यातला निळा-जांभळा भाग गिळतं, म्हणून उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. पण गिळलेल्या उजेडाची शक्ती कुठे तरी जायला हवी. रेणू क्षणभर अंगात आल्यासारखा होतो, आणि ती शक्ती बाहेर टाकायच्या त्याच्याकडे मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली, तो स्वतः दुसऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतो, म्हणजे चमकतो. दुसरी, ती शक्ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो, आणि मग तो ऑक्सिजन चवताळतो. तिसरी, तो स्वतःच मोडतो. (शक्तीची नुसती ऊब होऊन जाते तेही असतंच, पण ते सोडा.) डाग जातो तो तिसऱ्या वाटेने. धातू ओळखणं पहिल्या वाटेवरचं काम, आणि जंतू मारणं दुसऱ्या वाटेवरचं. एकदा हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली वाट तुम्ही घरी बघू शकता. आम्ही बघितली. हात धुवायच्या सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद ढवळली, गाळ खाली बसू दिला, आणि खोटी नोट ओळखायचा तो जांभळा दिवा अंधारात बाटलीवर धरला. (दिवा डोळ्यांत मारू नका.) पिवळं पाणी हिरवट-पिवळं लखलखायला लागलं. माझ्या सात वर्षांच्या पणतवंडाने टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

आता धातूंचं. कुर्कुमिनच्या मधोमध ऑक्सिजनचे दोन अणू अशा बेताने बसलेले असतात की त्यांचा चिमटा होतो. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम, जस्त यांचे विरघळलेले कण, ज्यांना आयन म्हणतात, त्या चिमट्यात अडकतात. धातू अडकला की रेणूचा रंग आणि चमक बदलते. कुठे चमक विझते, कुठे वाढते. तो बदल मोजला की पाण्यात धातू आहे हे कळतं. जुने रंगारी हळदीत कापड रंगवताना तुरटी घालत, ते याच चिमट्यामुळे. तुरटीतला ॲल्युमिनियम धाग्याला आणि रंगाला एकत्र धरून ठेवतो. धातूऐवजी बोरॉन नावाचं मूलद्रव्य आलं तरी कुर्कुमिन लाल होतं. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून कुंकू करायची जी जुनी रीत, त्यात टाकणखारातलं बोरॉन हेच काम करतं. अन्नात बोरिक ॲसिड मिसळलं आहे का हे बघायला प्रयोगशाळेत हळदीचा कागद वापरतात तोही याच तत्त्वावर.

चमकेवरून धातू ओळखायची कल्पना मात्र हळदीपासून निघाली नाही. गोपेल्सरोडर नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १८६७ साली मोरिन नावाचं द्रव्य वापरून ॲल्युमिनियम ओळखून दाखवला. गंमत म्हणजे मोरिन हेही एका झाडाच्या लाकडातून निघणारं पिवळं रंगद्रव्य, तुतीच्या कुळातलं. तेव्हा 'हे फक्त आपल्या हळदीतच' असं म्हणायचं कारण नाही. वनस्पतींच्या पिवळ्या रंगांमध्ये असे चिमटे पुष्कळ आहेत.

आता इथेच पहिली मेख आहे. धातू ओळखणारा रेणू चांगला कधी? तो एकाच धातूला ओळखेल तेव्हा. निव्वळ हळद तांब्यालाही बदलते, लोखंडालाही, बोरॉनलाही, आणि साबणाच्या पाण्याने तर लालच होते. हे म्हणजे गावच्या रखवालदाराने चोरालाही हाक मारावी, पोस्टमनलाही आणि सरपंचालाही. त्याची हाक ऐकून आपल्याला काय कळणार? म्हणून रसायनशास्त्रज्ञ कुर्कुमिनच्या सांगाड्यात फेरफार करतात. इथे एक फांदी जोड, तिथे एक काढ, असं करत करत ठरावीक धातूलाच दाद देणारा रेणू बनवायचा प्रयत्न करतात. हे काम किती उपयोगी ठरू शकतं याचं एक उदाहरण सांगते. मूळचे श्रीलंकेचे आणि उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले ए. पी. डी सिल्वा यांनी चमकणारे रेणू मुद्दाम असे घडवले की एक सोडियमला दाद देईल, दुसरा पोटॅशियमला. त्या तत्त्वावरची रक्त तपासायची यंत्रं इस्पितळांत वापरली गेली. अत्यवस्थ माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम चटकन कळणं म्हणजे काय, हे आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्यांना विचारा. ते रेणू हळदीचे नव्हते. पण कल्पना तीच, उजेडाने विचारायचं आणि उजेडाने उत्तर घ्यायचं.

आता दुसरी वाट, जंतूंची.

ही गोष्ट म्युनिकमध्ये सुरू होते. ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक टापायनर यांच्या हाताखाली ॲक्रिडिन नावाच्या रंगद्रव्याचा पॅरामेशियमवर, म्हणजे पाण्यातल्या एकपेशीय जीवावर, काय परिणाम होतो ते बघत होता. रंग तेवढाच, जीव तेच, पण कधी ते लवकर मरत, कधी उशिरा. त्याच्या ध्यानात आलं की खोलीत उजेड किती आहे यावर ते ठरतं आहे. नुसत्या रंगाने नाही, नुसत्या उजेडाने नाही, दोन्ही मिळून ते जीव मरत होते. १९०० साली त्याचं हे संशोधन छापून आलं. पुढे टापायनर यांनी दाखवलं की तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे ऑक्सिजन. १९०४ साली त्यांनी या परिणामाला 'फोटोडायनॅमिक' असं नाव दिलं.

हळदीतल्या कुर्कुमिनवर असा प्रयोग १९८९ साली छापून आला. त्यात दिसलं की अगदी थोड्या कुर्कुमिनवर उजेड टाकला की जीवाणू मरतात. पण सगळे सारखे मरत नाहीत. ज्यांच्या अंगावर बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जीवाणू, आपला ई. कोलाय त्यातलाच, जास्त चिवट निघाले. पुढे ब्राझीलमध्ये साव कार्लोस इथल्या संशोधकांनी कुर्कुमिनच्या द्रावणाने चुळा भरायला लावून तोंडात निळा दिवा धरला, तेव्हा लाळेतले जीवाणू कमी झालेले दिसले. कॅनडात व्हँकुव्हरच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकात मेथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य लावून त्यावर लाल उजेड टाकायची पद्धत सुरू झाली. जोडीला अंग जंतुनाशकाने पुसायचं. जखमेत पू होण्याचं प्रमाण त्यामुळे घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. तिथे रंग हळदीचा नाही, पण तत्त्व राबचंच.

या सगळ्याकडे आज जगाचं लक्ष का आहे? कारण अँटिबायोटिक्स बोथट होत चालली आहेत. औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली असा अंदाज आहे. अँटिबायोटिक बहुधा जीवाणूच्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालतं, आणि जीवाणू ती जागा बदलून टाकतो. चवताळलेला ऑक्सिजन मात्र जे समोर येईल त्याला चावतो, भिंत, प्रथिनं, सगळंच. त्यामुळे जीवाणूला त्यातून पळवाट काढणं फार कठीण जातं. हे खरोखर आशेचं आहे, आणि त्यात आपल्या हळदीतल्या रेणूचं नाव आहे याचा मलाही आनंद आहे.

पण मंडळी, आता तुम्हीच विचार करा. जंतू मारायला तीन गोष्टी एकत्र लागतात: रेणू, निळा उजेड आणि ऑक्सिजन. आणि निळा उजेड कातडीच्या आत जेमतेम एक मिलिमीटर शिरतो. हळदीचं दूध पिऊन आपण दिवा मालवून झोपतो. पोटात कुठला आला आहे निळा दिवा? शिवाय कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं, आणि जे जातं त्याची शरीर लगेच विल्हेवाट लावतं. म्हणजे ज्या प्रयोगाचा दाखला देऊन 'हळद खा' असं सांगितलं जातं, तो प्रयोग पोटाला लागूच पडत नाही. तोंड, दात, जखमेचा पृष्ठभाग, फळांची साल, जिथे दिवा पोचतो तिथेच त्याचा विचार होऊ शकतो, आणि तोही मोजून मापून.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, आणि ती मला नातीने सांगितली तेव्हा मी थक्क झाले. २०१७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुर्कुमिनवरचं पुष्कळसं संशोधन तपासून एक लेख लिहिला. नव्या औषधाचा शोध घेताना हजारो द्रव्यं नळ्यांमध्ये तपासतात, आणि पुष्कळदा निकाल चमकेवरून ठरवतात. नळी चमकली की 'औषध लागू पडलं'. आता कुर्कुमिन तर स्वतःच चमकतं! काही चाचण्यांत धातूची गरज असते, तर ते धातू पळवतं. आणि मध्येच ते स्वतः मोडतं, म्हणजे परिणाम कुणाचा हेही कळत नाही. त्यामुळे चाचणी कुठलीही असो, निकाल बहुतेक वेळा 'लागू' असाच. वर्गात काही मुलं असतात ना, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी? प्रश्न कुठलाही असो, हात वर! नवख्या शिक्षकाला वाटतं, काय हुशार मुलगा आहे. कुर्कुमिनचं तसं झालं. त्या लेखात म्हटलं आहे की माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांचा हिशेब घेतला, तर खऱ्या आणि खोट्या गोळ्या कुणाला कुठली हे न कळू देता केलेल्या चाचण्यांमध्ये कुर्कुमिन निर्विवादपणे यशस्वी ठरलेलं नाही.

गंमत बघा. चमकणं, धातू धरणं, उजेडात मोडणं हे त्या रेणूचे तीन स्वभाव. धातू ओळखायच्या आणि उजेडाने जंतू मारायच्या कामात हेच स्वभाव उपयोगी पडतात, आणि पोटातल्या औषधाच्या परीक्षेत हेच स्वभाव फसवतात. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, की मजकुराचा पहिला भाग समजला तर दुसरा आपोआप गळून पडतो.

यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न: "मग माशेलकरांनी हळदीची लढाई जिंकली ती काय उगीच?" अजिबात नाही. ती लढाई मला तारखांसकट आठवते, मी वर्गात सांगत असे. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपीतल्या दोन संशोधकांना 'हळदीने जखम भरणं' यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख असे पुरावे मांडले, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे, वादच नाही. पण सिद्ध काय झालं ते नीट वाचा. 'ही माहिती नवी नाही, ती आमच्याकडे पूर्वीपासून आहे' एवढं सिद्ध झालं. 'हळद सगळ्या जखमा भरते' हे त्या लढाईत ना कुणी विचारलं, ना कुणी ठरवलं. मालकी कुणाची हा एक प्रश्न आणि गुण किती हा दुसरा. आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहितो. परीक्षेत असं लिहिणाऱ्याला मी शून्य देत असे.

आता घरातली गोष्ट. माझ्या मावसबहिणीने, आम्ही तिला ताई म्हणतो, 'लिही, कुणाला तरी उपयोग होईल' असं स्वतः सांगितलं म्हणून लिहिते. ताईला मधुमेह. तीन वर्षांपूर्वी उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून छोटीशी जखम झाली. डॉक्टरांनी दहा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, ड्रेसिंगला बोलावलं. तिसऱ्या दिवशी तिच्या फोनवर असाच एक मजकूर आला. ताईने गोळ्या बंद केल्या, हळद आणि तूप भरून पट्टी बांधली, आणि त्या पट्टीच्या अंधारात जखम आत आत वाढत गेली. पायाला संवेदना कमी, त्यामुळे दुखलंही नाही. पिवळ्या रंगाखाली रंग बदलल्याचं कळलं नाही. बाराव्या दिवशी वास आला तेव्हा धावाधाव. अंगठा काढावा लागला. पाय वाचला हे नशीब. ताई म्हणते, "मी हळदीवर रागावले नाही गं, मला ज्याने खात्रीने सांगितलं त्याच्यावर रागावले. आणि तो कोण हे मला माहीतच नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या मजकुराला लेखक नाही, त्याला जबाबदारही कुणी नाही.

कुणी म्हणेल, एवढंसं खरचटलं तर आजी हळदच लावायची, आम्ही काय मेलो? नाही मेलो. किरकोळ खरचटलेलं बहुतेक वेळा आपलं आपणच बरं होतं. आमटीत, भाजीत, लोणच्यात हळद मी आजही घालते, मरेपर्यंत घालीन. सर्दी झाली की हळदीचं दूधही घेते, बरं वाटतं. माझा विरोध स्वयंपाकातल्या हळदीला नाही. तिच्या नावावर औषध बंद करण्याला आहे, आणि मूठ मूठ हळदीचा अर्क कोंबलेल्या गोळ्या 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणून खाण्याला आहे. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ साली हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला एक दगावला. कुर्कुमिन रक्तात जास्त जावं म्हणून अशा गोळ्यांमध्ये बऱ्याचदा मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. जी गोष्ट शरीर आत घ्यायला तयार नव्हतं, ती जबरदस्तीने आत ढकलायची, आणि वर म्हणायचं 'नैसर्गिक'!

आणि खरोखर काळजी करायची तर हळदीतल्या धातूची करा. धातू ओळखणाऱ्या हळदीतच धातू घातला जातो, ही केवढी विटंबना! हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना लेड क्रोमेट चोपडतात. हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर चालायचं. तिथल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ते २०१९ साली उघड केलं. मग सरकारने मनावर घेतलं. घाऊक बाजारावर धाडी घातल्या, दंड केले, वर्तमानपत्रांतून सूचना दिल्या, आणि तपासनिसांच्या हातात क्ष-किरणांचं छोटं यंत्र दिलं. त्या यंत्रातून किरण सोडला की शिसं स्वतःच्या ओळखीचे किरण परत टाकतं, आणि जागच्या जागी कळतं. २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१ साली एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षांत! आपल्याकडे एका किलो हळदीत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम शिसं चालतं असा नियम आहे. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातल्या एका पाहणीत पाटण्याच्या बाजारातल्या काही नमुन्यांत याच्या शंभरपटीहून जास्त शिसं निघालं.

हळदीचा अभिमान असेल तर तो मला असा दिसायला हवा आहे. आपल्या सांगलीच्या, वसमतच्या, वायगावच्या बाजारात ते छोटं यंत्र हवं. 'पूर्वजांना ठाऊक होतं' असं म्हणणाऱ्यांनी बाजार समितीला एक पत्र लिहावं, की आमच्या हळदीतलं शिसं तपासता का, निकाल फळ्यावर लावता का. आपल्या कॉलेजांतून मुलं कुर्कुमिनच्या सांगाड्यात फेरफार करून पाण्यातले धातू ओळखायचा प्रयत्न करत असतील, तर त्यांना कुणी तरी शाबासकी द्यावी, आणि अपयश आलं तर तेही छापू द्यावं. पूर्वजांनी कुंकू केलं, कापड रंगवलं, डाग उन्हात काढले. हे सगळं त्यांनी हाताने करून, फसून, पुन्हा करून शोधलं. त्यांना मान द्यायचा तर तसंच करून बघायला हवं. नुसतं पुढे ढकलल्याने तो मान मिळत नाही.

माझ्या घरच्या वाचकांना मात्र वेगळं आणि स्पष्ट सांगते. भाच्यांनो, तुम्हालाच! मधुमेह असलेल्या कुणाच्याही पायाला जखम झाली तर त्यात हळद, तूप, काहीही भरायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सुरू केलेली अँटिबायोटिक विचारल्याशिवाय बंद करायची नाही. हळदीच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही. सुटी, फार पिवळीजर्द, पॉलिश केलेली हळकुंडं घ्यायची नाहीत. ओळखीच्या शेतकऱ्याकडची घ्या, दिसायला मळकट असली तरी चालेल. आणि असा मजकूर आला की पुढे पाठवायच्या आधी एकच विचारायचं, हे कुणी लिहिलं आहे?

ज्यांना यात माझं चुकतं आहे असं वाटेल त्यांनी जरूर लिहा, नाव घालून लिहा. मी उत्तर देईन.